छत्रीला पाय फुटले आणि गोष्ट अडली

मुलांच्या चित्रपुस्तकात वस्तूंना पात्र करण्याच्या कामात तुम्ही नव्याने उतरत असाल, तर बत्तीस पानांचा हिशेब, जोडपाने (उघड्या पुस्तकातली समोरासमोरची दोन पाने) आणि डमी (प्रकाशकाला दाखवायची पुस्तकाची कच्ची प्रत) या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे मी धरून चालते. चेतनागुणोक्ती अलंकारही आपण सर्वांनी शाळेत शिकला आहे आणि निर्जीव वस्तू माणसासारखी वागते ही त्याची व्याख्या आपल्याला पाठ आहे. माझी दोन वर्षे ज्या चुकीत गेली ती याच व्याख्येतून निघाली, म्हणून त्या एका चुकीबद्दल मी जरा जास्तच सविस्तर लिहिणार आहे.

माझी पहिली गोष्ट लाल छत्रीची होती. जूनमधल्या पहिल्या पावसात एक मुलगी आईबरोबर दादरहून विरार लोकलने बोरिवलीला जाते, उतरण्याच्या घाईत छत्री रॅकवरच राहते आणि गाडी पुढे निघून जाते. वस्तू नाहीशी झाली की तिला पाय फुटले असे आपण म्हणतोच. मी ते शब्दशः घेतले आणि तिसऱ्या जोडपानावर छत्रीच्या मुठीखाली दोन बारीक पाय आणि पिवळे गमबूट काढले. ते चित्र मनासारखे उतरले. ज्यांना मी तेव्हा गुरुस्थानी मानत होते त्यांनी त्या गमबुटांचे इतके कौतुक केले की पुढची सगळी जोडपाने मी गमबुटांसाठीच रचली. दोन प्रकाशकांकडून डमी परत आली. तिसरीकडे पाठवण्याआधी माहीममधल्या एका लहानशा वाचनालयात मी ती मुलांना वाचून दाखवली, तेव्हा पाचव्या जोडपानावर एका मुलाने विचारले, "तिला चालता येतं ना? मग ती घरी का नाही जात?" उरलेली पाने मी वाचली खरी, पण त्यानंतर एकाही मुलाचे लक्ष माझ्याकडे नव्हते. तो प्रश्न आजही आठवला की पोटात कालवते.

छत्री हरवते, कारण तिला स्वतःहून हलता येत नाही. मुलीला हाक मारता येत नाही, स्टेशनचे नाव वाचता येत नाही, पाऊस आला तरी स्वतःला उघडता येत नाही. माझ्या गोष्टीतली सगळी काळजी या न येण्यावर उभी होती आणि पाय काढून मी तीच काढून घेतली. पाय असलेली छत्री म्हणजे लाल फ्रॉक घातलेली हरवलेली मुलगी, आणि हरवलेल्या मुलीने काय करावे हे चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. म्हणून कोणत्याही वस्तूला डोळे काढण्यापूर्वी तिला काय जमत नाही ते कागदावर लिहा. खडूला लिहिल्यावाचून राहता येत नाही आणि लिहिले की तो झिजतो. आगपेटीतल्या काडीला एकदाच पेटता येते. पाटीला काही जपून ठेवता येत नाही, आणि भिंतीवरच्या घड्याळाला कितीही वाटले तरी सुट्टीच्या दिवशी जरा हळू चालता येत नाही. पाय देऊच नयेत असे माझे म्हणणे नाही. पण द्यायचे असतील तर पहिल्या पानापासून द्यावेत, ते कधी चालतात आणि कोणाच्या देखत चालत नाहीत हे ठरवावे आणि शेवटच्या पानापर्यंत तो नियम मोडू नये. मधल्याच पानावर, केवळ चित्र छान दिसते म्हणून दिलेली शक्ती मागचे सगळे खोटे ठरवते.

मुले या बाबतीत फार काटेकोर असतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९२० च्या दशकातच मांडले होते की लहान मूल आधी जे जे काही काम करते ते सगळे जिवंत मानते, मग जे हलते ते, आणि पुढे जे स्वतःहून हलते तेवढेच. त्यांच्या टप्प्यांवर पुढच्या संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत, तरी "स्वतःहून" हा शब्द मी माझ्या टेबलासमोर लिहून ठेवला आहे. माहीमच्या त्या मुलाने नेमके तेच विचारले होते.

छत्रीचा स्वभाव मला अखेर सापडला तो दादर स्टेशनबाहेर, फुटपाथवर बसणाऱ्या एका छत्री दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. त्यांची परवानगी घेऊन मी पाच-सहा संध्याकाळी शेजारी बसून रेखाटने केली. ते आधी खटका दाबून छत्री उघडत, मग दांडा फिरवत एकेक काडी बोटांनी चाचपत जात, आणि कापड जिथे काडीच्या टोकापासून सुटलेले असे तिथे सुईदोऱ्याने दोन टाके घालून गाठ मारत. आठ काड्यांपैकी एकच वाकलेली असली की त्या बाजूचे कापड सैल पडते आणि सगळी छत्री एक खांदा पाडून उभी असल्यासारखी दिसते. मिटलेली, पट्टा न लावलेली छत्री दमलेली दिसते. वाऱ्याने उलटी झालेली घाबरलेली दिसते. डोळे न काढता हे सगळे दिसते. त्यानंतर मी छत्रीचा चेहराच काढून टाकला आणि माझी रेषा पहिल्यांदा मोकळी झाली.

पुष्कळ वस्तूंना तर भाषेने आधीच शरीर दिलेले आहे. घागरीला तोंड, गळा, पोट आणि बूड आहे, खुर्चीला हात, पाय आणि पाठ आहे. ते अवयव वापरा, वर आणखी नवे चिकटवू नका. संगणकाला चार ओळी सांगून चित्रे मिळवण्याची सोय आता झाली आहे आणि मी तिच्या स्पष्ट विरोधात आहे: किटली असो की टॅक्सी, ती सोय दोघींना तेच दोन गोल डोळे आणि तेच हसू देते, आणि वस्तू हातात धरून पाहण्याचे जे काम तुम्हाला शिकवणार असते तेच वाचवते. मार्गदर्शकाबद्दलही सांगते: जो स्वतः मुलांना मोठ्याने वाचून दाखवत नाही त्याच्या कौतुकावर विसंबून एक वर्षही घालवू नका.

मुंबईकर नवोदितांना एक वेगळा इशारा द्यावासा वाटतो. १९३७ पासून धावणाऱ्या बेस्टच्या डबलडेकरपैकी जुन्या डिझेल गाड्या २०२३ च्या सप्टेंबरमध्ये थांबल्या, पाठोपाठ ऑक्टोबरअखेर प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही गेल्या, आणि तेव्हापासून मला दाखवायला येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या डमीत एक बस डेपोत रडत असते. ते दुःख खरे आहे, पण ते आपले आहे. चार वर्षांच्या मुलाला वरच्या मजल्यावरची अगदी पुढची खिडकी हवी असते. त्या खिडकीपासून सुरुवात केलीत तर ती बस तुम्हाला नक्की सापडेल.

हालचाल नसेल तर पाने कशी भरायची, ही भीती मलाही होती. व्हर्जिनिया ली बर्टन यांचे १९४२ चे "द लिटल हाउस" जरूर पाहा. त्यातले घर बहुतेक पुस्तकभर जागचे हलत नाही. त्याच्याभोवती शहर वाढत जाते आणि सगळी गती तिथून येते. त्या पुस्तकाला चित्रपुस्तकांसाठी अमेरिकेत दिले जाणारे कॅल्डेकॉट पदक १९४३ मध्ये मिळाले. माझी छत्रीही आता बारा जोडपाने रॅकवरच पडून असते. विरार ते चर्चगेट आणि परत, खाली डोकी बदलतात, कडी धरलेले हात बदलतात, कोणी तिच्यावर पिशवी ठेवते, आणि अखेर पावसात कोणीतरी तिला उघडते. ही डमी स्वीकारली गेली. तुमची तिसरी डमीही परत आली तरी ती फाडू नका. माझ्या नव्या पुस्तकातले लोकलच्या डब्याचे चित्र जुन्या डमीतूनच आले आहे.

बर्टन यांचे घर इंग्रजीत "ती" आहे. आपल्याकडे घर "ते" आहे. मराठीत मूल, बाळ, पिल्लू हे सगळे "ते", त्यामुळे कुलूप, घड्याळ, कपाट अशा वस्तू मुलांच्या आपोआप जवळ जातात. खरी अडचण वस्तू स्वतः बोलू लागली की येते. सध्या मी एका कुलपाची गोष्ट लिहीत आहे, आणि ते "मी दमलो" म्हणेल की "मी दमले" यावर माझे तीन आठवडे गेले, कारण दोन्हींत ते कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी होत होते. मग लक्षात आले की "मला"ने सुरू होणाऱ्या वाक्यात हा प्रश्नच उरत नाही, आणि ज्याला स्वतःहून काही करता येत नाही त्याच्या तोंडी तीच वाक्ये शोभतात. आता पहिल्या जोडपानावर, बंद दारावर, ते एवढेच बोलते: "मला थंडी वाजते. मला किल्लीची आठवण येते. मला उघडता येत नाही."