टीए व्हायचंय? मग आधी कोर्स विकत घेऊ नका

ग्रुपवर दर आठवड्याला हा मेसेज येतोच. "डिपेंडंट व्हिसावर इंग्लंडला आलेय, टीचिंग असिस्टंट (टीए, वर्गात शिक्षकांना मदत करणारी) व्हायचंय, कुठला कोर्स करू?" आणि खाली लगेच धडाधड लिंका पडतात. अगं, इंग्लंडमध्ये टीए व्हायला कायद्याने कुठलंच ठरावीक सर्टिफिकेट लागत नाही, काय हवं ते ती ती शाळा ठरवते. बहुतेक जाहिरातींत दोनच गोष्टी दिसतात, इंग्लिश-गणितात जीसीएसई (तिकडची साधारण दहावीची परीक्षा) ग्रेड ४ किंवा त्या तोडीचं काही, आणि मुलांसोबत काम केल्याचा अनुभव. पहिल्यासाठी आपली मार्कशीट यूके एनिककडून (परदेशी शिक्षण तिथल्या कशाच्या तोडीचं ते सांगणारी संस्था) तोलून घेता येते, नाहीतर इंग्लिश-गणिताची फंक्शनल स्किल्स लेव्हल २ ही परीक्षा द्यायची.

मी पण काही शहाणी नव्हते म्हणा. आल्या आल्या सेलमध्ये वीस पाउंडाला "लेव्हल ३ टीचिंग असिस्टंट डिप्लोमा" घेतला, दोन संध्याकाळी बसून ऑप्शनवाले प्रश्न सोडवले, पीडीएफ आली, तिची रंगीत प्रिंट काढून फोल्डरमध्ये घातली आणि एका प्रायमरी शाळेत इंटरव्ह्यूला गेले. डेप्युटी हेडनी विचारलं, अवॉर्डिंग बॉडी, म्हणजे सर्टिफिकेट देणारी मान्यताप्राप्त संस्था, कुठली? मला प्रश्नच कळला नाही, मी वेबसाइटचं नाव सांगितलं. बाईंनी गोड हसून फोल्डर माझ्याकडे सरकवला. त्या हसण्याचा अर्थ मला बसमध्ये कळला.

गोम अशी की अशा कोर्सवर "सीपीडी ॲक्रेडिटेड" लिहिलेलं असतं, म्हणजे नोकरीतल्या जादा ट्रेनिंगचा शिक्का, त्याने ते ऑफक्वालच्या (इंग्लंडमधल्या परीक्षा-सर्टिफिकेटांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) मान्यतेचं क्वालिफिकेशन होत नाही. खऱ्याला एक नंबर असतो आणि तो ऑफक्वालच्या रजिस्टरवर सापडतो. मला कुणी लिंक पाठवली की मी आधी नंबर मागते, नंबर नाही तर पुढे वाचत पण नाही. दुसरी खूण प्लेसमेंटची. लेव्हल २ आणि ३ चे छोटे "अवॉर्ड" घरबसल्या होतात, पण लेव्हल ३ चं सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा करायचा तर वर्गात काम करावं लागतं, कारण असेसर, म्हणजे परीक्षक, तुमचं काम बघतो. शाळेत पाऊल न टाकता पंधरा दिवसांत डिप्लोमा देतो म्हणणारा काय विकतोय ते तुम्हीच ओळखा.

मग करायचं काय? घराजवळच्या शाळेत जाऊन विचारा, मुलांचं वाचन ऐकायला व्हॉलंटियर हवी का. मी सहा महिने दर मंगळवारी तेच केलं, मग त्याच शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम मिळालं, मग टीए. हे सांगितलं की लोकांना वाटतं फुकट राबायला सांगतेय. वाटू दे. शाळेने तुम्हाला मुलांशी वागताना बघितलेलं असतं, आणि शाळेतलाच रेफरन्स मिळतो. तेवढं थांबणं परवडत नसेल तर लेव्हल ३ ची टीए अप्रेंटिसशिप (नोकरी करत शिकणं) बघा, पगार मिळतो आणि कोर्सची फी आपण भरायची नसते. वयाला वरची मर्यादा नाही, व्हिसाची अट मात्र आधी तपासा.

डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी): टीएच्या कामासाठी एन्हान्स्ड डीबीएस स्वतःहून काढता येत नाही, शाळा किंवा एजन्सीच काढते, तेव्हा "आधी काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. व्हॉलंटियरला ते फुकट असतं. सर्टिफिकेटच्या तारखेपासून ३० दिवसांत डीबीएसच्या अपडेट सर्व्हिसला नाव घाला, म्हणजे तेच सर्टिफिकेट पुढेही वापरता येतं, ३१ व्या दिवशी रडून उपयोग नाही. भारतातलं पोलीस क्लिअरन्स मागतील, त्याला वेळ लागतो.

सीव्ही: नुसता सीव्ही पाठवू नका. शाळेचा अर्ज पूर्ण भरा, मधली रिकामी वर्षं का रिकामी तेही लिहा. बाळंतपण, घर, व्हिसा, जे असेल ते. लपवलं तर संशय येतो.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, सेफगार्डिंग, म्हणजे मुलांची सुरक्षितता. दुसऱ्या इंटरव्ह्यूत मला विचारलं, एखादं मूल म्हणालं "कुणाला सांगणार नसशील तरच सांगते", तर काय कराल? मी मोठ्या प्रेमाने म्हटलं, मी वचन देईन, मुलाचा विश्वास मोडणार नाही. समोरच्या तिघांनी एकदम खाली बघून काहीतरी लिहिलं. संध्याकाळी नकाराचा फोन. उत्तर असं हवं होतं: गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही, शांतपणे ऐकायचं, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि लगेच शाळेच्या सेफगार्डिंग लीडला, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला, सांगायचं. वचन द्यायचं नाही आणि लीडला सांगायचं, हे "कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन" या सरकारी मार्गदर्शिकेच्या पहिल्या भागातच आहे, सरकारी साइटवर फुकट. यूट्यूबवरचे "टॉप टेन इंटरव्ह्यू आन्सर्स" पाठ करण्यापेक्षा तो एक भाग दोनदा वाचा. तरी कुणी वाचत नाही, वर मलाच विचारतात नोट्स आहेत का.

पगार: जाहिरातीतला आकडा पूर्णवेळ, वर्षभराचा असतो. टीएला बहुतेक ठिकाणी शाळेचे ३९ आठवडे आणि वर थोडी रजा एवढ्याचेच पैसे मिळतात. समजा २४ हजार लिहिलंय आणि ३७ ऐवजी ३२.५ तास काम, तर मिळणारा आकडा टॅक्सच्या आधीच साधारण १८ हजार. भाडं ठरवण्याआधी "ॲक्च्युअल सॅलरी", म्हणजे खरा मिळणारा पगार, विचारा.

आणि फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवणं. इंटरव्ह्यूत चार-पाच मुलांचा गट देऊन काहीतरी करून घ्यायला सांगतात, लहान वर्ग असेल तर बहुधा वाचनच. आपली जीभ बाराखडीवर वाढलेली, त्यामुळे आपण प्रत्येक अक्षराला "अ" चिकटवतो. क, ॲ, ट. ते जोडून "कॅट" कसं होणार? पाय मोडून म्हणायचं, क्, ॲ, ट्. एम म्हणजे म्म्म्, "म" नाही. पहिल्या आठवड्यात मला पाच वर्षांच्या एका मुलीने थांबवून सांगितलं, "मिस, तुम्ही जास्तीचा आवाज काढताय." अजूनही कारमध्ये एकटी असले की स्स्स्, म्म्म् चालू असतं माझं.