रातांब्याची काढणी आणि पावसापूर्वीची प्रक्रिया

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिलपासून रंगू लागतात. मात्र बराचसा माल मे महिन्याच्या उत्तरार्धात, वळवाच्या सरींच्या तोंडावर हाती येतो. 2025 साली मान्सून मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातच कोकणात दाखल झाला, आणि असे पुन्हा घडू शकते हे गृहीत धरूनच काढणी आखावी. सुरुवातीच्या फळांची आमसुले, म्हणजे वाळवलेल्या साली, करावीत. शेवटच्या फळांना मात्र उन्हाच्या भरवशावर न ठेवता त्यांचे आगळ (मीठ घालून टिकवलेला रस) किंवा सरबत करावे, कारण त्यांना वाळवण लागत नाही.

एका झाडावरची सगळी फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून पूर्ण लाल झालेली फळे दर तीन-चार दिवसांनी उतरवावीत. काठीने झोडपल्यास पुढील वर्षी फळणाऱ्या कोवळ्या फांद्या मोडतात; त्याऐवजी झाडाखाली जाळी किंवा जुने लुगडे बांधून फांदी हलकेच हलवावी. जमिनीवर पडून फुटलेले फळ चांगल्या मालात मिसळू नये. रातांबा उतरवल्यावर फार दिवस टिकत नसल्याने दुसऱ्याच दिवशी फोडायला घ्यावा.

आमसुलांसाठी फळे धुऊन, पुसून दोन भाग करावेत आणि बिया व गर वेगळ्या भांड्यात काढावा. त्या गरात मीठ घालून सुटलेला रस जपून ठेवावा, कारण आमसुलाचा काळाभोर रंग आणि टिकाऊपणा त्याच्यावरच अवलंबून असतो. साली दिवसभर कडक उन्हात वाळवाव्यात, रात्री या रसात बुडवाव्यात आणि सकाळी पुन्हा पसराव्यात; अशी चार-पाच पुटे दिली की साल चिवट आणि लवचीक होते. घाईने एक-दोन पुटांवर बांधून ठेवलेल्या आमसुलांना श्रावणापर्यंत बुरशी धरते, हे दरवर्षीचे नुकसान पूर्णपणे टाळण्याजोगे आहे. रस अत्यंत आंबट असल्यामुळे ॲल्युमिनियम, तांबे व पितळेची भांडी कटाक्षाने टाळावीत. स्टील, काच किंवा चिनी मातीच्या बरण्याच वापराव्यात.

आगळासाठी 1 किलो रसाला साधारण 150 ते 160 ग्रॅम मीठ घालून रोज लाकडी डावाने ढवळावे आणि आठवडाभराने गाळून बाटल्या भराव्यात. सरबतासाठी 1 किलो सालींना 2 किलो साखर असे थर बरणीत लावावेत. सात-आठ दिवसांत साखर विरघळून गडद पाक सुटतो, तो गाळून त्यात जिरेपूड व थोडे मीठ घालावे. हा लाल रंग उजेडाने आणि उष्णतेने फिका पडतो, म्हणून बाटल्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवाव्यात. विक्री करणाऱ्यांनी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हंगामापूर्वीच करून घ्यावी.

बिया फेकू नयेत. त्या धुऊन कडकडीत वाळवाव्यात आणि सवड मिळेल तेव्हा कुटून पाण्यात उकळाव्यात; वर येणारे, थंड झाल्यावर घट्ट होणारे तेल भेगाळलेल्या टाचांसाठी घराघरांत वापरले जाते आणि त्याला सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगातही मागणी असते.

नवीन लागवड करणाऱ्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ या जातीची कलमे लावावीत, कारण तिची फळे पावसापूर्वी तयार होतात. रोपापासून झाड वाढवल्यास ते नर, म्हणजे फळ न धरणारे, निघण्याचा धोका राहतो आणि हे कळायला कित्येक वर्षे जातात.

स्वयंपाकात आमसुले आमटीला किंवा माशांच्या कालवणाला शेवटी घालावीत आणि मीठ त्यानंतरच चाखून टाकावे, कारण पुटांचे मीठ त्यांत असतेच. सोलकढीसाठी आगळ नारळाच्या दुधात मिसळून वर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची व कोथिंबीर घालावी; ती उकळू नये, दूध फाटते.