डॉकरच्या सेटिंग फाइलमध्ये होस्ट्स टाकलं आणि सर्व्हर उठेना? हे करा

डॉकर म्हणजे ॲप्स कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन. लिनक्सवर त्याची सेटिंग फाइल असते ईटीसीमधल्या डॉकर फोल्डरात, नाव डेमन डॉट जेसन. नव्या इन्स्टॉलमध्ये बहुतेक वेळा ती नसतेच, मग स्वतः बनवायची. जेसन आहे म्हणून कमेंट चालत नाही आणि शेवटच्या ओळीनंतर स्वल्पविराम पण नको.

सगळ्यात आधी लाइव्ह-रिस्टोर ट्रू करा आणि सर्व्हिस रीलोड करा. हे नसेल तर डॉकर रीस्टार्ट केला की चालू असलेले सगळे कंटेनर बंद पडतात.

आता खरी डोकेदुखी, होस्ट्स, म्हणजे डॉकरने कुठल्या पत्त्यांवर कमांड ऐकायच्या त्याची यादी. मला सगळ्यात जास्त छळलंय ते यानेच. फाइलमध्ये होस्ट्स लिहिलं, 23.0 पासून आलेल्या व्हॅलिडेट फ्लॅगने (फ्लॅग म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय) तपासलं तर ओके येतं, आणि रीस्टार्ट केलं की डॉकर आडवा. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या लॉगमध्ये, तळाला दिसतं की सर्व्हिस पुन्हा पुन्हा सुरू करायचा प्रयत्न झाला म्हणून थांबवली, आणि लोक त्या ओळीवरच शोधत बसतात. थोडं वर जा. तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की होस्ट्स हे फ्लॅगमध्येही आहे आणि फाइलमध्येही. सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) ज्या युनिट फाइलवरून डॉकर सुरू करतो तिच्यात '-एच एफडी' असा फ्लॅग आधीच दिलेला असतो आणि एकच गोष्ट दोन्हीकडे सांगितलेली डॉकरला चालत नाही. व्हॅलिडेट फक्त फाइल बघतं, युनिटमधला फ्लॅग त्याला दिसतच नाही, म्हणून ते ओके म्हणतं.

यावर नेटवर मिळणारा सल्ला म्हणजे लिब फोल्डरातली मूळ युनिट फाइलच बदला. कृपा करून करू नका, पुढच्या पॅकेज अपडेटला ती फाइल परत पहिल्यासारखी होते आणि सर्व्हर नको त्या वेळी बसतो. सिस्टमसीटीएल एडिटने ओव्हरराइड बनवा, म्हणजे मूळ फाइलला हात न लावता तिच्यावर लागू होणारी वेगळी फाइल. त्यात सर्व्हिस सेक्शनखाली दोन एक्झेकस्टार्ट ओळी (सर्व्हिस कुठल्या कमांडने सुरू करायची ते सांगणाऱ्या) हव्यात, पहिली बरोबरच्या चिन्हानंतर पूर्ण रिकामी, दुसरीत मूळ ओळ जशीच्या तशी कॉपी करून फक्त '-एच एफडी' एवढं काढलेलं. रिकामी ओळ गाळलीत तर जुनी आणि नवी दोन्ही धरली जातात आणि सिस्टमडी सर्व्हिस सुरू करायलाच नकार देतो.

होस्ट्सच्या यादीत युनिक्स सॉकेट (त्याच मशीनवरून डॉकरशी बोलायची फाइल) पण लिहा, नाहीतर त्याच मशीनवरची साधी डॉकर कमांड चालणार नाही.

आणि 2375 पोर्ट सगळ्या नेटवर्कला उघडा असं कोणी सांगितलं तर ते पान तिथेच बंद करा. त्या पोर्टवर ना पासवर्ड ना एन्क्रिप्शन, जो पोचेल त्याच्या हातात मशीनचं रूट. टीएलएस लावून 2376 वापरता येतो, पण बाहेरून डॉकर चालवायचा एवढंच काम असेल तर एसएसएचवरून डॉकर कॉन्टेक्स्ट (दूरच्या डॉकरशी जोडणी जपून ठेवणारी सेटिंग) बनवा, होस्ट्सला हातच लावायला नको. माझं मत विचाराल तर दहातल्या नऊ जणांना एवढंच पुरतं.

लॉगला मर्यादा घालाच, कारण कंटेनरचे लॉग लिहिणारा डॉकरचा नेहमीचा जेसन-फाइल ड्रायव्हर आपणहून लॉग कापत नाही आणि डिस्क भरते. मॅक्स-साइझ 10एम, मॅक्स-फाइल 3, आणि तो 3 सुद्धा अवतरणचिन्हात, नाहीतर डॉकर उठणार नाही. हे फक्त नव्या कंटेनरला लागू होतं, जुने नुसते रीस्टार्ट करून उपयोग नाही, काढून परत बनवावे लागतात, आणि त्याआधी त्यांचा डेटा व्हॉल्यूममध्ये (कंटेनर काढला तरी टिकणाऱ्या जागेत) आहे ना ते बघून घ्या.