फोल्डर हीच प्लेलिस्ट: गाडीसाठी मेमरी कार्ड भरताना

लांबच्या प्रवासाला आम्ही तिघं निघतो. गाडी मी चालवते, आई शेजारी, मुलगा मागच्या सीटवर. एकदा त्याच्यासाठी २२ प्रकरणांचं ऑडिओबुक कार्डावर घेतलं होतं. पहिलं प्रकरण रंगात येऊन संपलं आणि त्यापाठोपाठ थेट दहावं सुरू झालं. ज्या कुत्र्याच्या शोधात सगळी गोष्ट निघालेली, तो तिथे आधीच सापडलेला! मुलगा रडवेला झाला. आई चष्मा शोधत म्युझिक सिस्टीमच्या पडद्यावर बोटं फिरवू लागली. आणि माझीही नजर रस्त्यावरून पडद्याकडे गेली. दोनच सेकंद गेली असेल, पण ताशी ८० किलोमीटरच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते.

तेव्हापासून कार्ड भरताना मी एवढंच बघते की गाडी हलल्यावर कुणाला पडद्याकडे बघावं लागू नये. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी ते दहावं प्रकरण मध्येच का घुसलं ते सांगते. त्या म्युझिक सिस्टीमला आकड्याची किंमत कळत नव्हती, ती नाव एकेक अक्षर करून वाचत होती. अशा वाचनात १ नंतर १०, ११, १२ येतात आणि २ चा नंबर १९ नंतर लागतो. उपाय सोपा आहे, नावाआधी ०१, ०२, ०३ असं लिहायचं. फोल्डरमध्ये शंभर किंवा त्याहून जास्त फाइली असतील तर ००१ पासून सुरुवात. आकडे मात्र इंग्रजीतले वापरा, देवनागरीतले नकोत.

एवढं केलं की झालं, असं मला वाटत होतं. मग गाडी बदलली आणि तेच कार्ड नव्या गाडीत पुन्हा वेड्यावाकड्या क्रमाने वाजायला लागलं. नावं तर सगळी बरोबर होती. यामागचं कारण कळायला मला बराच वेळ लागला, म्हणून ते नीट लिहिते.

कॉम्प्युटरवर फोल्डर उघडला की फाइली नावाप्रमाणे लावलेल्या दिसतात. ती मांडणी कॉम्प्युटर आपल्याला दाखवण्यापुरती करतो. कार्डावर प्रत्यक्षात प्रत्येक फोल्डरची एक यादी असते आणि फाइल ज्या क्रमाने कार्डावर गेली, साधारण त्याच क्रमाने तिची नोंद त्या यादीत होते. कित्येक गाड्यांच्या सिस्टीम काहीही न लावता ही यादी वरून खाली वाचत जातात. म्हणजे आधी कॉपी झालेलं आधी वाजणार. त्यात आणखी एक भर असते: एखादी फाइल पुसली की यादीतली तिची जागा रिकामी होते, आणि पुढे टाकलेली नवी फाइल त्या रिकाम्या जागी बसू शकते. जुनी चार गाणी काढून नवी चार टाकली आणि ती शेवटी न येता मध्येच कुठेतरी वाजायला लागली, असं झालं असेल तर त्याचं कारण हे.

म्हणून मी कार्डावर डागडुजी करत नाही. सगळे फोल्डर कॉम्प्युटरवर तयार ठेवते, बदल तिथेच करते आणि कार्ड फॉरमॅट करून सगळं पुन्हा एकदा भरते. कॉपी करताना सगळं एकदम ओढून टाकण्यापेक्षा एकेक फोल्डर क्रमाने टाकलेला बरा. तरीही फोल्डरच्या आतला क्रम चुकलाच, तर ही यादीच नावाप्रमाणे लावून देणारी छोटी मोफत साधनं मिळतात. विंडोजसाठी ‘ड्राइव्हसॉर्ट’ आहे, लिनक्सवर ‘फॅटसॉर्ट’. कार्ड भरून झाल्यावर शेवटची पायरी म्हणून ते एकदा चालवलं की नावाने वाचणारी सिस्टीम आणि यादीने वाचणारी सिस्टीम, दोन्हींत एकच क्रम मिळतो.

आता प्लेलिस्ट. कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये बनवलेली प्लेलिस्ट ही एमथ्रीयू प्रकारची साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात गाणं नसतं, गाणं कुठे ठेवलंय त्याचा पत्ता ओळीओळीने लिहिलेला असतो. तो पत्ता कॉम्प्युटरच्या ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होत असेल तर गाडीत त्याचा उपयोग शून्य, कारण गाडीत तो ड्राइव्हच नसतो. प्लेलिस्ट जतन करताना ‘रिलेटिव्ह पाथ’चा (म्हणजे ड्राइव्हपासून न लिहिता प्लेलिस्टच्या जागेपासून लिहिलेल्या पत्त्याचा) पर्याय निवडला आणि ती फाइल गाण्यांसोबत कार्डावरच ठेवली, तर काही सिस्टीम ती नीट वाजवतात. बाकीच्या तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत एमथ्रीयूचा उल्लेख असेल तर जरूर करून बघा. एकच गाणं तीन प्लेलिस्टमध्ये हवं असेल तर त्यात जागा वाचते.

माझ्यापुरती मी ती वाट सोडली. एक फोल्डर म्हणजे एक प्लेलिस्ट. एखादं गाणं दोन फोल्डरमध्ये हवं असेल तर दोनदा कॉपी करते, त्याने काही बिघडत नाही. जागेचा हिशोब बघा: ३२० केबीपीएसच्या, म्हणजे वरच्या दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला १२ एमबी. ३२ जीबीच्या कार्डावर अशी अडीच हजारांवर गाणी मावतात. रोज तासभर ऐकलं तरी सात महिने पुरतील!

फोल्डर कलाकाराच्या नावाने न करता प्रसंगाने करावेत, असं माझं ठाम मत आहे. माझ्या कार्डावर सध्या सहा आहेत: पहाट, आईची गाणी, गोष्टी, वाद्यसंगीत, जागं ठेवणारी, आणि परतीची वाट. ‘पहाट’मध्ये सुरुवातीची चार गाणी शांत, मग हळूहळू लय वाढत जाते. ‘जागं ठेवणारी’मध्ये अशी गाणी आहेत जी मला तोंडपाठ आहेत, कारण सोबत गाताना डोळा मिटत नाही. (झोप खरंच येत असेल तर गाडी थांबवायची, त्यावर गाणं हा उपाय नव्हे.) एका फोल्डरमध्ये तीस-चाळीसच गाणी ठेवते. फोल्डरच्या आत फोल्डर करत नाही. स्टिअरिंगवरच्या बटणाने पुढचं गाणं येतं, पण आतल्या फोल्डरांच्या पायऱ्या चढाउतरायला पडदाच लागतो.

कार्ड कुठलं घ्यावं? मोठ्या कार्डाचा मोह टाळा. ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डं फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, ६४ जीबी आणि त्यावरची एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅट पद्धतीने. गाड्यांच्या बऱ्याच सिस्टीम, विशेषतः जुन्या, फक्त फॅट३२ वाचतात. गाडी ‘कार्ड वाचता येत नाही’ म्हणाली तर आधी इथे बघायचं. फॉरमॅट करायला एसडी असोसिएशनचं ‘एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर’ मोफत मिळतं, मी तेच वापरते. कार्डावर काही लिहिलंच जात नसेल तर कार्डाच्या किंवा अडॅप्टरच्या कडेची बारीक खिट्टी ‘लॉक’वर सरकलेली नाही ना, तेही पाहा. आणि नवं कार्ड नकली असू शकतं: लेबलवर ३२, आत प्रत्यक्षात ८. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’, मॅक किंवा लिनक्सवर ‘एफथ्री’ चालवून कार्ड एकदा पूर्ण भरून तपासलं की शंका उरत नाही.

फाइली एमपीथ्रीच ठेवा. फ्लॅक, म्हणजे मूळ आवाजातलं काहीही न गाळणारा फाइलीचा प्रकार, उत्तम असतं, पण प्रत्येक गाडी ते वाजवत नाही, आणि टायरच्या घरघरीत तो फरक मला तरी ऐकू येत नाही. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलेली गाणी कार्डावर नेऊन उपयोग नाही, ती कुलूपबंद असतात आणि त्या अ‍ॅपमध्येच उघडतात. स्वतःच्या सीडीवरून घेतलेली किंवा विकत घेतलेली फाइलच लागते.

आपल्या लिपीचा प्रश्न वेगळा आहे. फाइलचं नाव मी रोमनमध्येच ठेवते. पडद्यावर दिसणारं गाण्याचं नाव फाइलच्या आतल्या आयडीथ्री टॅगमधून (गाण्याची माहिती लिहायच्या जागेतून) येतं, तिथे देवनागरी लिहिता येते. पण सिस्टीममध्ये देवनागरी फॉन्ट नसेल तर ओळभर चौकोन दिसतात, आणि फॉन्ट असूनही अक्षरजुळणी येत नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. म्हणून आधी एकाच फाइलला वेलांटी, रफार आणि ‘क्ष’ असलेलं नाव देऊन गाडीत बघा. नीट दिसलं तर सगळी देवनागरीत लिहा. आईला तिची गाणी मराठीत वाचता आली की तिचा चेहरा फुलतो, त्या दोन तासांच्या कामाचं सार्थक होतं. टॅग लिहायला ‘एमपीथ्रीटॅग’ हे सॉफ्टवेअर सोयीचं आहे. त्यात आयडीथ्रीची २.३ ही आवृत्ती निवडा, जुन्या सिस्टीमना तीच जास्त मानवते. ऑडिओबुकच्या सगळ्या प्रकरणांना अल्बमचं नाव एकच द्या आणि ट्रॅक क्रमांक भरा, म्हणजे सिस्टीम टॅगवरून क्रम लावत असेल तरी गोष्ट सरळ चालेल.

आवाजाकडे फार कमी लोक लक्ष देतात. जुनं रेकॉर्डिंग हळू असतं, आपण आवाज वाढवतो, आणि पुढचं नवं गाणं कानठळ्या बसवत येतं. हात झटकन बटणाकडे जातो, सोबत नजरही जाते. ‘एमपीथ्रीगेन’ हे साधन सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीला आणतं, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी. गाणं पुन्हा एन्कोड होत नसल्याने दर्जा तसाच राहतो. त्यातली ठरलेली पातळी ८९ डेसिबल आहे, मी गाडीसाठी ९२ ठेवते. आवाज फाटण्याचा इशारा आला तर तेवढ्या गाण्यापुरती ती खाली घ्यायची. निव्वळ टॅगमध्ये आवाजाची नोंद करून ठेवणारी पद्धत गाडीसाठी धरू नका, अनेक सिस्टीम ती नोंद वाचतच नाहीत.

मॅकवरून कार्ड भरत असाल तर गाण्यासोबत ठिपका आणि अधोरेषेने सुरू होणारी एक लपलेली फाइलही कार्डावर जाऊ शकते. काही गाड्या तिलाही गाणं समजतात आणि एकाआड एक ‘वाजवता येत नाही’ असा निरोप दाखवतात. विंडोजच्या कॉम्प्युटरवर लपलेल्या फाइली दिसतील असं करून त्या पुसून टाका. कार्ड काढताना मात्र ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ओढू नका. एकदा मी घाईत ओढलं आणि ‘गोष्टी’ फोल्डर अर्धाच लिहिला गेला.

निघायच्या आदल्या दिवशी उभ्या गाडीत दहा मिनिटं बसते. प्रत्येक फोल्डरची पहिली तीन गाणी आणि शेवटचं एक, एवढं वाजवून बघते, शफल बंद आहे ना ते पाहते. मग गाडी बंद करून पुन्हा चालू करते. काही सिस्टीम सोडलं तिथूनच वाजवतात, काही पहिल्या फोल्डरच्या पहिल्या गाण्यावर परततात. माझी परतणारी आहे. म्हणून प्रवास गोष्टीचा असेल तेव्हा ‘गोष्टी’ फोल्डरच्या नावाआधी ०१ लावते, कार्ड नव्याने भरते आणि वाटेत थांबल्यावर प्रकरणाचा आकडा मुलाला विचारते. तो त्याला कायम पाठ असतो.