थ्रो मारताना कोपर गेलं? या चुका टाळा

सुट्ट्या लागल्या की नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर पोट्टे उन्हं चढायच्या आत थ्रो मारायला हजर. सकाळी मैदान, संध्याकाळी पुन्हा मैदान, रविवारी मॅच. मग एक दिवस थ्रो सुटताना ‘कट्’ आवाज येतो आणि कोपर धरून पोरगं खाली बसतं.

‘लचकलं असेल’ ही पहिली चूक. कोपराच्या आतल्या बाजूचं हाताला लागणारं टोक पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुख्य हाडाला मऊ कूर्चेनंच जोडलेलं असतं. मोठ्या माणसाचा लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, फाटतो, पोराचं ते टोकच उखडतं. कितीदा तरी आधी काही आठवडे तिथे दुखत असतं, पण टीममधली जागा जाईल म्हणून पोरगं बोलत नाही. तेव्हाच थ्रो बंद केले असते, तर बऱ्याचदा एवढ्यावर आलं नसतं.

दुसरी चूक मालिश. यावर मी घरोघरी भांडलो आहे. ओढून ‘हाड बसवताना’ तुटलेला तुकडा आणखी सरकू शकतो, अन् त्याच्या अगदी मागूनच करंगळीकडे जाणारी नस जाते. सुजेवर जोरात चोळलं तर स्नायूत हाड तयार होतं, कोपर आखडतं. त्यापेक्षा हात ओढणीच्या झोळीत ठेवा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, कडं-घड्याळ काढा आणि एक्स-रे काढा. लहान मुलाचा एक्स-रे फसवा असतो, त्यामुळे डॉक्टर दुसऱ्या कोपराचाही काढायला सांगतील. त्याला उगाचचा खर्च समजू नका. करंगळीला मुंग्या येत असतील तर सकाळची वाट पाहू नका.

तुकडा फारसा सरकला नसेल तर स्लॅबवर, म्हणजे अर्ध्या प्लास्टरवर, भागतं. तो सांध्यात अडकला असेल तर ऑपरेशनच. मधल्या केसेसमध्ये डॉक्टरांचीच मतं वेगवेगळी असतात. थ्रो मारणाऱ्या पोराला ऑपरेशन करून तुकडा स्क्रूनं बसवण्याकडे कल जास्त. दुसरं मत घ्यायला लाजू नका.

प्लास्टर जास्त दिवस ठेवलं म्हणजे हाड पक्कं होतं, असं नाही. कोपर फार लवकर आखडतं, म्हणून साधारण दोन-तीन आठवड्यांत हालचाल सुरू करतात. नंतर हात सरळ व्हावा म्हणून पाण्याची बादली लटकवायला लावतात, तो प्रकार बंद करा. पोरानं स्वतःच्या ताकदीनं जेवढा हलवता येईल तेवढाच हलवावा. शेवटी थोडा वाक राहिला तरी खेळ सहसा अडत नाही.

आणि घाई. नीरज चोप्राच्या कोपराचं दुखणं वेगळं होतं, वयही वेगळं. पण मे २०१९ मधल्या ऑपरेशननंतर त्यानं स्पर्धेत भाला फेकला तो थेट जानेवारी २०२० मध्ये. आपल्याकडे प्लास्टर निघालं की बाप विचारतो, ‘सर, रविवारच्या मॅचला चालेल ना?’