‘काळोख आहे’ एवढ्यावर थांबू नका

फोंड्याला आमच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीवर, शनिवारी रात्री आम्ही पाचजण डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा बोलून, कल्पनेतल्या जगात पात्रं बनून खेळायचा खेळ खेळतो. डन्जन मास्टर, म्हणजे ते जग शब्दांत उभं करणारा, मी. सुरुवातीला मी प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी सांगत बसायचो, तोवर सगळ्यांचे मोबाईल बाहेर यायचे.

आता वर्णनात नाक, कान, कातडी आधी, डोळे शेवटी. पावसाळ्यात एकदा गोव्यातल्या तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळात जा. बेसाल्टच्या खांबावर तळवा टेका, डोळे मिटून शेजारच्या नदीचा आवाज ऐका. माझ्या खेळातलं भूमिगत देऊळ तिथूनच आलं:

‘पायाखालचा दगड गार आहे. पाणी वाहताना ऐकू येतंय, दिसत मात्र नाही. खांबाच्या तळाशी मेण सांडलंय, अजून मऊ.’

तीनच वाक्यं. तिसऱ्यात हात घालता येईल अशी वस्तू हवीच. मऊ मेण म्हणजे कोणीतरी आत्ताच इथून गेलंय, पण ते तुम्ही सांगू नका, खेळाडूंना हुडकू दे. ‘तुम्हाला भीती वाटते’ हे तर कधीच नको. त्यांच्या पात्रांची मनं त्यांची आहेत.

मग ‘काय करता?’ विचारा आणि गप्प बसा. केलेलं जमलं की नाही ते ठरवणारा वीस बाजूंचा फासा त्यांच्या उत्तरानंतरच.