वळवाच्या वाऱ्याचा अंदाज : या चुका टाळा

'हलक्या सरी, काळजीचं कारण नाही' हे मे महिन्यातलं ठरलेलं वाक्य. पण अर्धापूरची केळी आडवी व्हायला सरी लागत नाहीत, वारा पुरतो.

पावसावरून वारा ताडणं ही सगळ्यांत महागडी चूक. आधी ढगाचा तळ काढा. दुपारच्या तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं) वजा करून १२५ ने गुणलं की उंची मीटरमध्ये मिळते. तापमान ४२, दवबिंदू १४ असेल तर तळ ३५०० मीटरवर. एवढ्या उंचीवरून सुटलेले थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच विरतात. त्या बाष्पीभवनानं हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंना सुसाट पसरते. मग अंगणात चार टपोरे थेंब आणि शेडचे पत्रे शेजारच्या रानात. जूनमध्ये ३६ आणि २३ आले की तळ १६२५ मीटरवर उतरतो. तेव्हा पाऊस वाढतो आणि कोरड्या झोताचा हा प्रकार कमी होतो.

हवामान मोजायला आकाशात सोडलेल्या फुग्याच्या आलेखात तापमान आणि दवबिंदूच्या रेषा जमिनीलगत लांब आणि वर जवळ येत असतील, म्हणजे उलटा 'व्ही' दिसत असेल, तर केप (ढगाला वर उसळायला मिळणारी ऊर्जा) कमी आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. नवशिके केपचा एक आकडा बघून मोकळे होतात. तो आकडाही बहुधा पहाटे साडेपाचच्या फुग्याचा असतो. त्यात दुपारचं तापमान आणि दवबिंदू घालून तो पुन्हा काढायला दहा मिनिटं लागतात, तेवढा धीर नसतो.

दुसरी चूक, ढग डोक्यावर येण्याची वाट बघणं. वसमतकडे उकडलेली हळद उन्हात पसरलेली असते, रडारवरचा लाल ठिपका २५ किलोमीटर दूर असतो, म्हणून ताडपत्री घडीचीच राहते. ढगातून सुटलेला गार वारा मात्र ताशी ५० किलोमीटरनं निघाला तर अर्ध्या तासात खळ्यावर हजर. ढग तिथेच विरला तरी हा वारा पुढे येतो. तो रडारवर दिसेल ही आशाही फोल. २०० किलोमीटरवर रडारचा ०.५ अंशानं वर रोखलेला किरण सुमारे ४ किलोमीटर उंच गेलेला असतो आणि ही गार हवा जेमतेम किलोमीटरभर जाडीची. म्हणून गडगडणाऱ्या ढगाच्या दिशेला क्षितिजावर धुळीची भिंत दिसली किंवा तिकडच्या हवामान केंद्राचा पारा एकदम आठ-दहा अंशांनी उतरला, की आवराआवर सुरू करावी. रडारचं चित्र नंतर बघता येतं.

आलेखावर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दिली असेल तर तिच्यात साडेपाच तास मिळवा. १२ यूटीसी म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच.

सरासरी वारा आणि झोत (वाऱ्याचा क्षणभराचा जोराचा फटका) एक नव्हे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि शेडनेट झोतानंच फाटतं.

हवामान खात्याच्या इशाऱ्यातला 'यलो' रंग जिल्ह्याचा असतो, तुमच्या शेताच्या गटाचा नव्हे. गाव कोरडं राहिलं म्हणून अंदाज चुकला, ही ओरड कंटाळवाणी झाली आहे.

मोबाइलवरचं ढग-विजेचं चित्र बघून वाऱ्याबद्दल काही ठरवू नये.

वारा पडला की लगेच आंबे वेचायला धावणारे तर दर हंगामात दिसतात. वीज मागे सरकलेल्या ढगातूनही पडते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं घरातच थांबावं, आणि मध्ये पुन्हा गडगडलं तर ती ३० मिनिटं नव्यानं मोजावीत.